चार पावलं मागे, एक गुडघा खाली: साध्या कॅमेऱ्याने जुन्या गाड्यांचे फोटो

आमच्या गल्लीतला वाडा पडून इमारत झाली, रस्त्यावर पेव्हर ब्लॉक आले, पण कोपऱ्यावरची ती फिकट निळी पद्मिनी काही हलली नाही. दर रविवारी सकाळी काका तिला पुसतात, चालू करतात आणि चौकापर्यंत एक फेरी मारून आणतात. मी तिचा पहिला फोटो काढला तो खिशात मावणाऱ्या एका जुन्या डिजिटल कॅमेऱ्याने. प्रिंट काढून मोठ्या ऐटीत काकांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, प्रिंट डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाले, "गाडी बरी आलीय हो. पण व्हील कॅपमध्ये हा पिवळ्या टी-शर्टातला माणूस कोण?"

चाकाच्या मधल्या त्या चकचकीत झाकणात उमटलेला तो मीच होतो. बंपरमध्येही होतो, जरा लांबुडका.

त्या दिवशी जे कळलं त्यावरच हा सगळा लेख आहे. जुनी गाडी म्हणजे चाकांवरचा आरसा. क्रोमचे बंपर, फुगीर मडगार्ड, हेडलाइटभोवतीच्या चकचकीत रिंगा, या सगळ्यांत आकाश दिसतं, समोरची भिंत दिसते आणि तुम्हीही दिसता. आपण फोटो गाडीचा काढतोय असं वाटतं, प्रत्यक्षात तिच्या पत्र्यावर पडलेल्या उजेडाचा काढत असतो. हे एकदा डोक्यात बसलं की हातातला मोबाइल आठ हजारांचा आहे की ऐंशी हजारांचा, याने फारसा फरक पडत नाही.

कुठे शोधायच्या

"व्हिंटेज" हा शब्द आपण सैल हाताने वापरतो. गाड्यांचे जाणकार साधारण १९१९ ते १९३० मधल्या गाड्यांनाच व्हिंटेज म्हणतात, पुढच्या त्या क्लासिक. आपल्या सरकारचा हिशोब वेगळा आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. प्रदर्शनात किंवा रॅलीत अशी पाटी दिसली तर तिचा एक जवळून फोटो घ्याच.

सरावाला मात्र एवढं जुनं काही लागत नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' बनू लागली, तिचंच पुढे पद्मिनी हे नाव झालं. मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती, आणि टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षांची. टॅक्सी गेल्या, पण घरगुती पद्मिन्या अजून सोसायट्यांच्या मागच्या बाजूला, कव्हराखाली, गुलमोहराच्या पाकळ्या झेलत उभ्या आहेत. तिच्या आधीची गोलमटोल 'डुक्कर फियाट', अँब्यासिडर, विलीज जीप, येझदी मोटरसायकल, लँब्रेटा आणि चेतक स्कूटर हेही सगळं याच कुळातलं. ओळखीच्या कुणाकडे तरी यातलं काही असतंच. पहिले पन्नास फोटो त्या ओळखीच्या गाडीचे काढा. ती पळून जात नाही, गर्दी नसते, आणि चुकलं तर पुढचा रविवार आहेच.

मग रॅल्या आणि प्रदर्शनं. मुंबई-पुण्यात ती बहुतेक थंडीच्या दिवसांत असतात. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक ही जुनी आलिशान गाडी दसरा चौकात येते, ते दृश्य एकदा तरी बघावं. पण नवख्याने तिथे पहिला धडा गिरवू नये, कारण सोहळा सूर्य कलताना असतो आणि गर्दी अशी, की कॅमेरा डोक्यावर धरूनच फोटो काढावा लागतो. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. तिथे रणगाड्यांबरोबर जुनी रोल्स-रॉइस चिलखती गाडीही आहे. मला ते संग्रहालय शिकायला फार सोयीचं वाटतं. सगळा रंग मळकट, न चमकणारा, त्यामुळे प्रतिबिंबांची भानगड नाही, फक्त आकारांवर लक्ष देता येतं.

घरून निघण्याआधी

भिंग पुसा. हसू नका, निम्मे धुरकट फोटो बोटांच्या तेलानेच धुरकट झालेले असतात. मऊ, धुतलेल्या सुती कापडाचा तुकडा खिशात ठेवा, आईच्या जुन्या साडीचा सगळ्यात उत्तम. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ब्यूटी, फिल्टर, तारखेचा शिक्का जे काही चालू असेल ते बंद करा. फ्लॅश कायमचा बंद. क्रोमवर फ्लॅश मारला की फोटोत फक्त एक पांढरा डाग उरतो. स्क्रीनवर आडव्या-उभ्या रेषांची जाळी दाखवण्याची सोय असते, ती चालू करा. जुन्या गाडीची खालची पट्टी तिरकी दिसली की गाडी उतारावरून घरंगळत चालल्यासारखी वाटते.

कपडे गडद आणि साधे घाला. कारण वर सांगितलंच आहे.

आणखी दोन गोष्टी पिशवीत टाका. गुडघ्याखाली घ्यायला जुनं वर्तमानपत्र, आणि पाव किलो मूग भरून तोंड शिवलेली छोटी कापडी पिशवी. संध्याकाळी ती भिंतीवर किंवा दगडावर ठेवून त्यावर कॅमेरा टेकवायचा, की तिवई आणल्यासारखंच.

आधी माणूस, मग गाडी

जुन्या गाडीचा मालक आणि नव्या गाडीचा मालक हे दोन वेगळे प्राणी आहेत. नव्या गाडीवाला तुमच्याकडे संशयाने बघतो. जुन्या गाडीवाल्याला कुणीतरी विचारावं अशी त्याची इच्छाच असते, फक्त विचारायची पद्धत हवी. थेट कॅमेरा रोखू नका. "काका, ही कितव्या सालची?" एवढं म्हणा आणि पाच मिनिटं ऐका. कार्ब्युरेटर कुठून मिळवला, काच कशी नाशिकच्या एका भंगारवाल्याकडे सापडली, वडिलांनी ती कुणाकडून घेतली, हे सगळं येतं. नुसता वेळ गेला असं समजू नका. गाडीतला कुठला भाग त्यांना जिवापाड प्रिय आहे हे तिथेच कळतं, आणि तोच फोटोचा विषय असतो. आमच्या काकांचा जीव डाव्या मागच्या दाराच्या मूळ हँडलवर आहे. बाकी तीन बदललेली आहेत. हे मला आपणहून कधीच दिसलं नसतं.

हात लावायचा नाही, टेकायचं नाही, फूटबोर्डवर पाय ठेवायचा नाही. पट्ट्याचं बकल, अंगठी, पिशवीची चेन आणि गळ्यात लोंबणारा कॅमेरा हे चार शत्रू. एका प्रदर्शनात मी खाली वाकलो आणि माझ्या कॅमेऱ्याने एका काळ्या मडगार्डवर टक्कन आवाज केला. ओरखडा पडला नव्हता, पण मालक माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मला अजून आठवते. तेव्हापासून कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात न घालता मनगटाला दोन वेढे देतो.

उजेड

इथे जरा थांबू, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

भर दुपारी बारा ते तीन जुन्या गाडीच्या वाटेला जाऊ नये. वरून येणारं ऊन टपावर आणि बॉनेटवर पांढरं फटक उमटतं, आणि खाली चाकं, ग्रिल, बंपरची खालची बाजू काळोखात जाते. साध्या कॅमेऱ्याला एवढा फरक एकाच फोटोत झेपत नाही. गाडी झाडाखाली घेतली की काम झालं असं पुष्कळांना वाटतं. ते तर आणखी वाईट. पानांतून गळणाऱ्या उन्हाचे चट्टे बॉनेटवर पडतात आणि गाडी त्वचारोग झाल्यासारखी दिसते. झाडच हवं असेल तर वडासारखं गर्द हवं. नाहीतर इमारतीची सावली बरी, सलग आणि एकसारखी.

चांगल्या वेळा तीन. सकाळी सूर्य उगवल्यापासून तास-दीड तास. ढगाळ दिवस, कुठलीही वेळ. आणि सूर्य मावळल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं. ही शेवटची माझी लाडकी. तेव्हा अख्खं पश्चिमेचं आकाश मऊ उजेड देत असतं आणि तो क्रोमवर एका लांब, सलग रेघेसारखा उतरतो. बॉनेटच्या कडेने धावणारी ती रेघ म्हणजेच गाडीचा आकार. ती तुटली, मध्ये खांब किंवा माणूस आला, की आकारही तुटतो.

आता एक प्रयोग करा. संध्याकाळी गाडीच्या बाजूला, तीन-चार मीटरवर उभे राहा. कॅमेरा काढू नका. फक्त दारांच्या पत्र्याकडे बघत एक-एक पाऊल सरका. समोरच्या दुकानाची पाटी पत्र्यावर सरकताना दिसेल, मग विजेचा खांब, मग तुमची स्वतःची सावलीवजा आकृती, आणि मग अचानक एक जागा अशी येईल की पत्र्यावर वरच्या अर्ध्यात आकाश आणि खालच्या अर्ध्यात रस्ता, एवढंच. मधली सीमारेषा दारांच्या मधून आडवी जाईल. ती जागा सापडली की फोटो झाला. हे चालणं दोन मिनिटांचं आहे, पण मी पाहिलेले बहुतेक नवखे ते करतच नाहीत. जिथे पोचले तिथूनच खटाखट सुरू करतात.

गाडीच्या रंगाचंही बघावं लागतं. कॅमेरा बिचारा सगळ्या जगाला राखाडी समजतो. पांढरी अँब्यासिडर दाखवली की तो उजेड कमी करतो आणि गाडी मळकी येते. काळी गाडी दाखवली की तो उजेड वाढवतो आणि काळा रंग धुरकट पाटीसारखा होतो. मोबाइलवर गाडीवर बोट टेकवलं की शेजारी सूर्याचं चिन्ह येतं. पांढऱ्या गाडीला ते किंचित वर सरकवा, काळीला किंचित खाली. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात अधिक-उणे असं बटण असतं, त्यावर अर्धा ते पाऊण टप्पा पुरतो. शंका असेल तर फोटो किंचित काळा काढा. क्रोमवरची पांढरी जळालेली जागा घरी आल्यावर परत येत नाही, अंधारलेली जागा थोडीफार उजळता येते.

काचेचा त्रास वेगळा. समोरच्या काचेत झाडं आणि आकाश असं भरतं की आतलं स्टिअरिंग दिसतच नाही. पोलराइज्ड, म्हणजे चकाकी कापणाऱ्या काचांचा गॉगल असेल तर तो भिंगासमोर धरा आणि हळूहळू फिरवा. एका ठिकाणी काचेतलं प्रतिबिंब विरघळल्यासारखं जातं आणि आतल्या सीटा दिसू लागतात. हाच उपाय रंगावरच्या चकाकीलाही थोडा लागू पडतो. क्रोमला मात्र नाही. धातूवरून परतणारा उजेड त्या काचेला दाद देत नाही. तिथे आपणच बाजूला सरकायचं.

चार पावलं मागे

मोबाइलचं मुख्य भिंग रुंद असतं. जवळ उभं राहूनही अख्खी गाडी त्यात मावते, आणि तिथेच आपण फसतो. साधा हिशोब करा. पद्मिनीची लांबी चार मीटरला थोडी कमी. हेडलाइटपासून एका मीटरवर उभे राहिलात तर गाडीचा मागचा बंपर तुमच्यापासून जवळजवळ पाच मीटरवर. म्हणजे जवळचा हेडलाइट मागच्या दिव्यापेक्षा पाचपट जवळ, आणि फोटोत त्या प्रमाणात अवाढव्य. गाडीचं नाक फुगतं आणि शेपूट आक्रसतं. आता मागे सरकत हेडलाइटपासून सहा मीटरवर जा. मागचा बंपर दहा मीटरवर गेला. फरक पाचपटीवरून दीड-पावणेदोन पटीवर आला, आणि गाडी पुन्हा गाडीसारखी दिसायला लागली.

मागे गेल्यावर ती छोटी दिसते, म्हणून दुप्पट झूम घ्या. तुमच्या मोबाइलमध्ये त्यासाठी वेगळं भिंग नसेल, तर आहे तसाच फोटो काढा आणि घरी कडा कापा. थोडी बारीकी जाईल, पण प्रमाण बरोबर राहील. जुन्या कॅमेऱ्यात खरं भिंग पुढे-मागे सरकतं, तिथे बिनधास्त झूम करा. फक्त आकड्यांपुढे 'डिजिटल' असं काही येऊ लागलं की थांबा.

मग खाली बसा. उभ्याने, छातीच्या उंचीवरून काढलेला गाडीचा फोटो हा आरटीओला द्यायचा फोटो. वर्तमानपत्र टाका, एक गुडघा टेका, कॅमेरा हेडलाइटच्या उंचीला आणा. गाडी लगेच भारदस्त होते, मागची कचराकुंडी तिच्या आड जाते आणि आकाश जास्त येतं. जीप असेल तर आणखी खाली जा. पण डुक्कर फियाटसारखी गोलाई असेल तर फार खाली जाऊ नका, नाहीतर बॉनेटची कमान दिसेनाशी होते आणि नुसतं तोंड उरतं.

अख्ख्या गाडीसाठी सगळ्यात कामाचा कोन म्हणजे समोरून थोडं बाजूला, जिथून ग्रिलही दिसतं आणि पूर्ण बाजूही. इथे पुढच्या चाकाचं एक गुपित आहे. चाक तुमच्याकडे वळलेलं असेल तर टायरचे काळे खाचे दिसतात, जे कुणालाच बघायचे नसतात. तुम्ही ज्या बाजूला उभे आहात त्याच्या उलट बाजूला स्टिअरिंग वळवलेलं असेल, तर चाकाचा दर्शनी भाग, व्हील कॅपसकट, तुमच्याकडे तोंड करून उभा राहतो. पण गाडी उभी असताना मालकांना स्टिअरिंग वळवायला लावू नका. जुनी स्टिअरिंग जड असतात, जागच्या जागी वळवलं की टायर आणि सांधे दोन्ही घासतात. गाडी येऊन थांबतानाच "काका, थांबताना जरा डावीकडे वळवून ठेवाल का?" असं म्हणून ठेवलं की काम होतं.

मागचा कोन लोक विसरतात. पद्मिनीची मागची बाजू, तिचे ते छोटे, माशाच्या परांसारखे उठलेले कल्ले, माझ्या मते समोरच्या चेहऱ्याइतकेच देखणे आहेत. डिकीवरची अक्षरं तिरप्या उजेडात घ्या, सावलीमुळे ती उठून दिसतात.

मागे काय उभं आहे

टपातून उगवलेला विजेचा खांब, बॉनेटवर बसलेली प्लॅस्टिकची खुर्ची, काचेत डोकावणारा अमुक नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. फोटो काढण्याआधी गाडीकडे बघणं सोडा आणि स्क्रीनच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवा. बहुतेक वेळा दोन पावलं डावीकडे किंवा उजवीकडे एवढंच लागतं. पाण्याची बाटली, दोरी, गाडी पुसायचं फडकं असं काही असेल तर मालकांना विचारून बाजूला ठेवा, आणि फोटो झाल्यावर परत जागच्या जागी.

रॅलीत हे जमत नाही, हे मान्य. तिथे माणसं हटणारच नाहीत. त्यावर माझा उपाय असा: सुरुवात व्हायच्या तासभर आधी पोचायचं. गाड्या एकेक करून येत असतात, मालक शेवटचा हात फिरवत असतात, चहा चालू असतो. झेंडा दाखवण्याच्या वेळेपर्यंत माझं काम संपलेलं असतं आणि मीही चहा घेत असतो.

जवळून

अख्ख्या गाडीचे चार-पाच चांगले फोटो झाले की मग जवळ जा. बॉनेटवरचं चिन्ह, मैलांचा स्पीडोमीटर, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, एमएचच्या आधीच्या तीन अक्षरांच्या नंबराची पाटी, जुन्या गाड्यांच्या दारांमधल्या खांबातून हात बाहेर काढल्यासारखा उघडणारा सिग्नल. असे सिग्नल चालू स्थितीत सापडले तर मालकांना एकदा दाखवायला सांगा. ते नक्की दाखवतील, आणि तीनदा दाखवतील.

फार जवळ गेलं की साधा कॅमेरा फोकस धरत नाही. फोटो स्क्रीनवर ठीक वाटतो आणि घरी पुसट निघतो. वीतभर अंतर ठेवा आणि मग झूम करा. जिथे फोकस हवा तिथे बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड दोन्ही तिथेच अडकून राहतात. मग निवांत चौकट जुळवा. आणि त्या चकचकीत गोष्टीत स्वतःचा शोध घ्या. दिसलात तर कॅमेरा थोडा तिरका करा. व्हील कॅपसमोर अगदी नाकासमोर उभं राहून फोटो काढायचाच असेल तर मागे काळी छत्री उघडून धरायला एखाद्या मित्राला सांगा, व्हील कॅपमध्ये तिचाच काळोख येतो. लोक बघतात, बघू द्यावं.

गाडीच्या आतला फोटो दार उघडून, बाहेर उभं राहून काढा. खिडकीतून डोकावून काढलेल्या फोटोत सीटचं कव्हर तेवढं येतं. समोरच्या बाजूची खिडकी उजळ असते म्हणून डॅशबोर्ड काळा पडतो. थर्माकोलचा किंवा पांढऱ्या कागदाचा मोठा तुकडा दाराशी धरला की त्यावरून उजेड आत जातो. एवढंच.

दुचाकी

मोटरसायकलचा नियम उलटा आहे. गाडीच्या आरपार काही दिसत नाही, पण मोटरसायकलच्या आरपार सगळं जग दिसतं. स्पोकमधून, इंजिनाच्या खालून, सीटखालून. मागे भाजीची गाडी असेल तर येझदी आणि कोबी एकच होऊन जातात. म्हणून दुचाकीला आधी भिंत शोधा. चुन्याची, मातकट, रंग उडालेली, पण सलग. भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे उभी करा, नाहीतर सावली मागे चिकटते.

जावा-येझदीत दोन्ही बाजूंना सायलेन्सर असतात, त्यामुळे कुठल्याही बाजूने शोभा आहे. पण डावीकडून घेतलात तर किक आणि गिअर एकाच दांड्यावर असलेली ती प्रसिद्ध करामतही येते. चेतकचं इंजिन उजव्या पोटात असतं. पोटावरचं झाकण काढून दाखवायला मालक तयार असतील तर उजवीकडे बसा, नाहीतर डावी बाजू जास्त स्वच्छ दिसते. स्कूटर स्टँडवर असेल तर हँडल किंचित वळवून ठेवायला सांगा, सरळ हँडलची स्कूटर ताठ मान करून बसलेल्या मुलासारखी दिसते.

चालती गाडी

पहिल्या दिवशी जमणार नाही, पण करून बघा. उभं राहायला वळण किंवा स्पीडब्रेकर निवडा, तिथे गाड्या आपणहून हळू होतात. पाय रोवा, कंबरेतून वळा, गाडीबरोबर कॅमेरा फिरवत राहा आणि फिरवताफिरवताच बटण दाबा. दाबल्यावर थांबू नका, पुढेही फिरवत न्या. जमलं तर गाडी स्पष्ट आणि मागचं सगळं वाहून गेल्यासारखं येतं. भर उन्हात मोबाइल इतक्या झटकन फोटो टिपतो की धावती गाडीही पार्किंगमध्ये उभी असल्यासारखी दिसते, चाकंसुद्धा थिजतात. म्हणून हे संध्याकाळी किंवा ढगाळ हवेत. जुन्या कॅमेऱ्यात बटण दाबल्यावर क्षणभराने फोटो निघतो. तिथे बटण अर्धं दाबून आधीच फोकस धरून ठेवा. वीस फोटोंत एक चांगला निघाला तर तो दिवस चांगला गेला असं समजायचं.

रस्त्यावर उतरू नका. जुन्या गाड्यांचे ब्रेकही जुने असतात.

घरी आल्यावर

दोनशे फोटो काढले असतील तर त्याच रात्री दीडशे पुसून टाका. सकाळी दया येते. उरलेल्यांत आडवी रेघ सरळ करा, कडा कापा, उजेड हवा तेवढाच वर-खाली करा. रंग फार भडक करू नका. चाळीस वर्षं उन्हात उभ्या गाडीचा निळा हा दुकानातला निळा नसतो. तो फिका आहे म्हणूनच तो खरा आहे. गंजाचा ठिपका, उडालेला रंग, सीटला मारलेला टाका हे पुसायचे नाहीत.

मागे इतर गाड्यांचे नंबर दिसत असतील तर फोटो चारचौघांत टाकण्याआधी ते झाका. आणि फाइलला नाव द्या. गाडी, साल, जागा, तारीख, मालकांनी सांगितलेली एखादी गोष्ट. सहा महिन्यांनी सगळ्या काळ्या गाड्या सारख्या दिसायला लागतात.

मालकांना प्रिंट द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो इतर शुभेच्छांबरोबर वाहून जातो, हातातली प्रिंट राहते. पद्मिनीची नवी प्रिंट मी मागच्या पावसाळ्यात दिली. ढगाळ सकाळ, चार पावलं मागून, गुडघा टेकून, काळ्या शर्टात. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं: प्रीमियर पद्मिनी, १९७६. काकांनी आधी व्हील कॅप तपासली, मग प्रिंट उलटी केली, खिशातलं पेन काढलं आणि सहाचे आठ केले.